समुद्राची पाणसळ

आगगाडीच्या फलाटाच्या टोंकाला जी मोठी पिवळी पाटी असते, तिच्यावर गांवाच्या नांवाखालीं बारीक अक्षरांत त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घाट चढून वर आल्यावर एका स्टेशनावर आमच्या लहान भाचीनें ती ओळ वाचली आणि विचारलें, "मामा, कोणत्या समुद्राच्या सपाटीपासून?" जन्मभर अध्यापन केलेल्या मनुष्यास अशा प्रश्नाचें उत्तर देतां येऊं नये ही नामुष्कीची गोष्ट होय, परंतु आम्हांस तें तत्काळ देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. गाडी सुटली, स्टेशन मागें राहिलें, प्रश्न मात्र डब्यांत आमच्याबरोबर आला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें लांबलेलें उत्तर आहे.

'समुद्रसपाटी' हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, त्यांत एक मोठें विधान दडलेलें आहे हें ध्यानांत येत नाहीं. समुद्र सपाट आहे, आणि सर्वत्र एकाच पातळीवर आहे, हें तें विधान. गवंडी भिंत धरतांना पाणसळ लावतो. पाण्याइतकें समतोल जगांत दुसरें कांहीं नाहीं, हाच त्या हत्याराचा आधार. घंगाळांतल्या पाण्याला जो न्याय लागू तोच समुद्रालाही लागू, असें मनुष्यजातीनें पिढ्यानुपिढ्या मानलें. गेल्या दीडशें वर्षांत हा समज हळूहळू ढासळला. तो कसा ढासळला आणि त्याच्या जागीं काय उभें राहिलें, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच; पण नवें ज्ञान जुन्या नोंदींचें किती ऋणी असतें, याचाही तो एक चांगला धडा आहे.

आपल्या देशांत उंची मोजण्याचें काटेकोर काम १८५८ सालीं सुरू झालें. त्रिकोणमितीय पाहणीचे लोक दुर्बीण व आंकडे घातलेल्या पट्ट्या घेऊन मैलोगणती चालत. दर टप्प्यास मागची व पुढची पट्टी वाचून दोन ठिकाणांमधला फरक टिपून घेत, आणि असे हजारों फरक एकास एक जोडीत देश ओलांडीत. परंतु या सांखळीचें एक टोंक कोठें तरी पक्कें बांधावयास हवें होतें. तें समुद्राला बांधलें गेलें. समुद्र तर दिवसांतून दोनदां चढतो व उतरतो. म्हणून त्याची दीर्घकाळाची सरासरी काढणें अवश्य झालें, आणि त्यासाठीं बंदरोबंदरीं भरतीमापक यंत्रें बसविण्यांत आलीं. या कामाचे अध्वर्यु ए. डब्ल्यू. बेअर्ड हे लष्करी इंजिनियर होते. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून अशी नोंद मिळते, आणि ती आशिया खंडांतील सर्वांत जुन्या नोंदींपैकीं एक होय. यंत्राची रचना साधी होती: समुद्राशीं जोडलेल्या विहिरींत एक तरंगता गोळा, त्याला बांधलेली तार, तारेच्या दुसऱ्या अंगास पेन्सिल, आणि घड्याळाच्या गतीनें फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद. १८८३ च्या ऑगस्टमध्यें क्राकातोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां जावाजवळून निघालेल्या लाटांचा कंप या पेन्सिलींनीं हिंदी बंदरांतील कागदांवर इमानानें उमटविला, आणि बेअर्ड यांनीं त्याचा वृत्तांत लिहून ठेवला.

जमिनीवरची मोजणी व बंदरांतील सरासरी यांचा मेळ घालण्याची वेळ आली, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. पश्चिम किनाऱ्यापासून निघून जमिनीवरून मोजीत मोजीत पूर्व किनाऱ्यास पोंचावें, तों तेथील समुद्र शून्यावर न भेटतां वर भेटे. मुंबई व विशाखापट्टण यांच्या समुद्रांत सुमारें ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर, फरक निघाला. आतां यांत खोटें कोण? दुर्बीण कीं समुद्र? शेंकडों मैलांच्या मोजणींत फूटभर चूक होणें मुळींच अशक्य नव्हतें. उलट समुद्रानें चूक करावी, ही कल्पना विचित्र वाटण्यासारखी होती. १९०९ सालीं साऱ्या देशाच्या उंचीचें जाळें बांधण्यांत आलें, तेव्हां कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टण, मद्रास, विशाखापट्टण व फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांतील सरासरी पातळी एकच, म्हणजे शून्य, धरली गेली. फूटभराचा तो फरक जाळ्यांत वांटला गेला. पुढें दीर्घकाळ देशांतील उंच्या याच पायावर मोजल्या गेल्या. आमच्या भाचीच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें: कोणत्याही एका समुद्रापासून नव्हे, तर समजुतीनें एकाच पातळीवर आणलेल्या नऊ बंदरांपासून.

पण समुद्र खरेंच बोलत होता. गोव्यांत दोना पावला येथें १९६६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शंकर व शेट्ये या दोघां शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं हें जुनें प्रकरण पुन्हां उघडलें, आणि या फरकाचें मुख्य कारण खारटपणांत आहे असें दाखवून दिलें. एकाच वजनाचें गोडें व खारें पाणी दोन सारख्या नळ्यांत ओतलें, तर गोड्या पाण्याची नळी किंचित् अधिक भरलेली दिसेल. कारण गोडें पाणी हलकें. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या साऱ्या नद्या आपलें पाणी ओततात, व त्यावर पाऊसही भरपूर पडतो. अरबी समुद्रांतून मात्र वाफ होऊन जाणारें पाणी अधिक व येणारें कमी. म्हणून पूर्वेकडील पाणी हलकें व उंच, आणि पश्चिमेकडील जड व खालीं. आपल्या सह्याद्रीचा यांत वांटा आहे, हें कळल्यावर कोणत्याही मराठी वाचकास गंमत वाटेल. त्र्यंबकेश्वर व महाबळेश्वर येथून अरबी समुद्र दोन पावलांवर. तरी तेथें पडलेला पाऊस पाठ फिरवून गोदा-कृष्णेच्या वाटेनें सारें द्वीपकल्प ओलांडतो आणि पलीकडच्या समुद्राची उंची वाढवितो!

समुद्राच्या पाण्याचें ऊन-गार व खारें-गोडें मोजून त्याची उंची काढावी, ही युक्ति तशी जुनी आहे. व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनीं १८९८ सालीं जो सिद्धांत मांडला, त्यावरून सांडस्ट्रॉम व हेलंड-हान्सन यांनीं १९०३ सालीं ती व्यवहारांत आणण्याजोगी केली. पृथ्वी फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत वाहतें पाणी उजवीकडे ढकललें जातें, आणि प्रवाहाच्या उजव्या अंगास समुद्र उंच राहतो. अमेरिकेच्या पूर्वेस वाहणाऱ्या गल्फ स्ट्रीमच्या दोन कांठांमध्यें ही तफावत सुमारें एक मीटर भरते. म्हणजे उतार कळला कीं प्रवाह कळला. परंतु या रीतींतही एक गृहीतक होतें. वजन कोठून मोजावयाचें? खोल कोठें तरी पाणी निश्चल आहे असें मानून तेथून वर मोजीत यावयाचें. नऊ बंदरें एका पातळींत मानणाऱ्यांनीं समुद्राचा पृष्ठभाग सपाट धरला. यांनीं ती सपाटी हजार-दोन हजार मीटर खालीं नेऊन ठेविली, इतकेंच.

या रीतीला लागणारे आंकडे मात्र एका दिवसांत मिळण्यासारखे नव्हते. 'चॅलेंजर' जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत जगाची फेरी करून दोरीला उष्णतामापक बांधून खोल पाण्याचा ठाव घेतला. त्यानंतर शेंकडों जहाजांनीं तेंच काम चालविलें. १९६० च्या सुमारास अनेक राष्ट्रांनीं मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली. तिच्यांत जमलेल्या आंकड्यांवरून क्लाउस विर्तकी यांनीं १९७१ सालीं नकाशांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आपली गोव्याची संस्थाही त्याच मोहिमेचें फळ होय. पुढें १९८२ सालीं सिडनी लेव्हिटस या अमेरिकन शास्त्रज्ञानें जगांतील उपलब्ध मोजण्या एकत्र करून, एकेका अंशाच्या चौकोनांत त्यांची सरासरी मांडली. अमुक ठिकाणीं, अमुक खोलीवर, अमुक ऋतूंत समुद्र सामान्यतः किती ऊन व किती खारा असतो, हें त्यांत सांपडतें. जेथें जहाजेंच गेलीं नव्हतीं, तेथले चौकोन शेजारच्या चौकोनांवरून भरावे लागले. पंचांगावरून जसा प्रत्यक्ष पाऊस कळत नाहीं, पण मृगांत काय अपेक्षावें तें कळतें, तसाच समुद्राच्या या सरासरीचा उपयोग. हे आंकडे टिपणारे हात शेंकडों खलाश्यांचे व कारकुनांचे. त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत.

आतां आकाशाकडे वळूं. उपग्रहावरून समुद्राची उंची मोजण्याचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येतें: उपग्रह खालीं रडारची लहर सोडतो, ती समुद्रावर आपटून परत येते, व लागलेल्या वेळावरून अंतर कळतें. उपग्रहाची स्वतःची उंची ठाऊक असली म्हणजे वजाबाकी करून समुद्राची उंची निघते. अडचण आहे ती सूक्ष्मतेची. १३३६ किलोमीटरांवरून जाऊन येण्यास लहरीला सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. आणि उंची एका सेंटिमीटरपर्यंत हवी असेल, तर एका सेकंदाचे पंधरा अब्ज भाग करून त्यांतला एक भाग ओळखतां आला पाहिजे. शिवाय वाटेंतली हवा लहरीला अडखळविते. कोरड्या हवेनेंच सुमारें २.३ मीटरांचा फरक पडतो, व पाण्याची वाफ त्यांत आणखी कांहीं सेंटिमीटर घालते. लाटांचे खळगे लहर चांगली परतवितात व माथे कमी, त्यामुळें समुद्र आहे त्याहून खालीं भासतो. भरती-ओहोटी वजा करावी लागते. आणि हवेचा दाब एक मिलिबार वाढला तर पाणी सुमारें एक सेंटिमीटर दबतें, त्याचाही हिशेब धरावा लागतो.

अमेरिकेच्या 'सीसॅट' उपग्रहानें १९७८ सालीं ही रीत साधते हें दाखविलें, पण विजेच्या बिघाडानें तो सुमारें शंभर दिवसांतच मुका झाला. १९८५ सालीं अमेरिकन आरमारानें सोडलेल्या 'जिओसॅट'ची पहिल्या दीड वर्षाची मोजणी लष्करी कारणास्तव गुप्त ठेवण्यांत आली, ती १९९५ सालीं पूर्णपणें खुली झाली. खरें युग सुरू झालें तें १० ऑगस्ट १९९२ रोजीं, अमेरिका व फ्रान्स यांनीं मिळून 'टोपेक्स/पोसायडन' सोडला तेव्हां. दर दहा दिवसांनीं तो त्याच वाटेवरून जाई व समुद्राची उंची कांहीं थोड्या सेंटिमीटरांपर्यंत सांगे. त्याच्या गादीवर 'जेसन' नांवाचे तीन उपग्रह व पुढें २०२० मध्यें 'सेंटिनेल-६' आले. भारतानें फ्रान्सच्या सहकार्यानें २५ फेब्रुवारी २०१३ रोजीं श्रीहरिकोटा येथून 'सरल' हा उपग्रह याच कामासाठीं सोडला.

येथपर्यंत ऐकून वाचकांस वाटेल कीं, आतां झगडा मिटला; उपग्रहानें समुद्र मोजला, जुन्या सरासरीचें काम संपलें. पण झालें निराळेंच. उपग्रह जी उंची सांगतो, ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, म्हणजे ध्रुवांकडे किंचित् दबलेल्या गुळगुळीत गोलापासूनची. खरी पृथ्वी तशी गुळगुळीत नाहीं. तिच्या पोटांतील वजन सर्वत्र सारखें नाहीं. जेथें आकर्षण अधिक तेथें पाणी गोळा होऊन फुगतें, जेथें कमी तेथें खळगा पडतो. वारा, प्रवाह व भरती हीं सारीं थांबलीं, तर समुद्र केवळ गुरुत्वाकर्षणाच्या आज्ञेनें जो आकार घेईल, त्यास शास्त्रज्ञ 'जिऑइड' म्हणतात. आपल्या द्वीपकल्पाच्या दक्षिणेस, श्रीलंकेच्या खालीं, जगांतील सर्वांत मोठा असा खळगा आहे. तेथें हा आकार गणिती गोलाच्या सुमारें १०६ मीटर खालीं जातो. न्यू गिनीकडे तोच ऐंशी मीटरांहून अधिक वर चढतो. त्यावरून जाणाऱ्या जहाजास चढ-उतार मुळींच जाणवत नाहीं, कारण ओळंबाही त्या आकाराला काटकोनांतच राहतो. शंभर मीटरांच्या या डोंगरदऱ्यांत प्रवाहामुळें पडणारा मीटरभराचा उतार शोधावयाचा. आणि टोपेक्सच्या काळीं जिऑइडच पुरेसा बारकाईनें ठाऊक नव्हता!

तेव्हां शास्त्रज्ञांनीं एक तोड काढली. उपग्रहाच्या अनेक वर्षांच्या मोजणीची सरासरी काढून ती रोजच्या मोजणींतून वजा करावयाची. जिऑइड रोज बदलत नाहीं, म्हणून वजाबाकींत तो आपोआप उडून जातो, व आज समुद्र नेहमीपेक्षां किती वर किंवा खालीं आहे तें निर्मळपणें हातीं येतें. पण त्याबरोबरच प्रवाहाचा जो नित्याचा उतार, तोही उडून जातो. एखाद्या घरच्या जमाखर्चाच्या वहींत रोजची जमा व रोजचा खर्च पैसापैशानें चोख लिहिलेला असावा, परंतु मागील वहींतून पुढें ओढलेल्या शिल्लकेचें पान फाटून गेलेलें असावें, तशी ही स्थिति. आज दहा रुपये वाढले हें कळतें. पण पेटींत एकंदर किती आहेत, हें कसें कळावें?

फाटलेलें तें पान जुन्या सरासरीपाशीं होतें. ज्या दोरीला उष्णतामापक बांधून मोजण्या झाल्या, त्यांच्यावरून तयार झालेल्या ऊन-गार व खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तक्त्यांनीं समुद्राचा नित्याचा उतार पुरविला. उपग्रहानें रोजचा चढ-उतार पुरविला. दोहोंची बेरीज म्हणजे समुद्राची उंची. पुढें २००२ मध्यें 'ग्रेस' व २००९ मध्यें 'गोसे' हे गुरुत्वाकर्षण मोजणारे उपग्रह निघाले, तेव्हां जिऑइड पुष्कळ अधिक नेमका कळूं लागला, व शिल्लक तपासून पाहण्याची दुसरी सोय झाली. तरीही बारीक रेखाटणीसाठीं समुद्रांतील प्रत्यक्ष मोजण्यांवांचून अद्याप भागत नाहीं. आज ह्या मोजण्या 'आर्गो' नांवाचे कांहीं हजार स्वयंचलित तरंगक करीत असतात. ते दर दहा दिवसांनीं दोन हजार मीटरांपर्यंत बुडी मारून वर येतात व आपला जबाब उपग्रहास सांगतात. ग्रीक पुराणांतील जेसनच्या जहाजाचें नांव आर्गो होतें. उपग्रहाला जेसन व तरंगकाला आर्गो हीं नांवें देणाऱ्यांस या दोघांचें एकमेकांवांचून चालणार नाहीं, हें पुरतें ठाऊक होतें.

या बेरजेचा उपयोग केवळ विद्वानांस आहे असें नाहीं. १९९५ सालीं मेक्सिकोच्या आखातांत 'ओपल' वादळ एकाएकीं बळावलें. पृष्ठभागावरील पाणी तेथें सर्वत्र सारखेंच ऊन होतें. परंतु वादळाच्या वाटेवर ऊन पाण्याचा एक खोल भोंवरा होता, व तो उपग्रहास उंचवट्याच्या रूपानें दिसला होता. त्या उंचवट्याखालीं ऊन पाण्याचा थर किती जाड असावा, तें जुन्या सरासरीवरून काढतां येतें. वादळास पोसतो तो हा थर. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ ज्यांच्या डोळ्यांसमोरून कोंकणचा किनारा घांसून गुजरातेंत गेलें, त्यांस ही विद्या कशासाठीं, हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

नव्याला जुन्याची गरज कशी पडते, याचा आणखी एक दाखला देतों. टोपेक्सच्या पहिल्या कांहीं वर्षांच्या मोजणीवरून समुद्र फारच वेगानें चढत असल्यासारखें दिसूं लागलें. जगांतील बंदरांच्या भरतीमापकांशीं ताडून पाहतां उपग्रह हळूहळू भलतीकडे सरकत आहे अशी शंका आली. आणि १९९६ सालीं उपग्रहाच्या घड्याळासंबंधींच्या दुरुस्तीच्या गणितांतच चूक सांपडली. विहिरींतल्या तरंगत्या गोळ्यानें आकाशांतल्या यंत्राचा कान धरला! चूक सुधारल्यावर जो वेग उरला, तोही निश्चिंत राहण्यासारखा नव्हता. १९९३ पासून तीस वर्षांत जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारें दहा सेंटिमीटर वाढली आहे, आणि वाढीचा वेगही वाढत आहे. समुद्र तापून फुगतो, आणि जमिनीवरचें बर्फ वितळून त्यांत येतें, हीं त्याचीं दोन मुख्य कारणें.

येथेंच जुन्या सरासरीची मर्यादाही दिसते. शिल्लक पुढें ओढली, ती कोणत्या तारखेची? लेव्हिटसच्या तक्त्यांतील समुद्र आमच्या वाडवडिलांचा समुद्र होता. आजचा समुद्र त्याहून ऊन आहे. म्हणून हीं 'नेहमीचीं' मानें वरचेवर नवीं करावीं लागतात, व कोणत्या वर्षांची सरासरी धरली तें प्रत्येक वेळीं सांगावें लागतें. आम्हांस वाटतें, या साऱ्या इतिहासाचें सार यांतच आहे. १९०९ च्या मोजणीदारांनीं समुद्र एका पातळींत धरला, यांत त्यांचा दोष नव्हता. त्यांनीं आपलें गृहीतक लिहून ठेविलें, व मुळांतले आंकडेही जपून ठेविले. म्हणून तर शतकानंतर गोव्याच्या शास्त्रज्ञांस त्यांतून सत्य काढतां आलें. आंकडे समजुतीशीं जुळत नाहींत म्हणून कोणी ते फेंकून दिले असते, तर कोणत्याही उपग्रहास ते परत आणतां आले नसते. जुनीं दप्तरें रद्दींत घालण्याची आपल्याकडील सवय पाहिली म्हणजे हा विचार मनास चाटून जातो.

परवां भाची पुन्हां आमच्याकडे आली होती. तिला आम्ही उत्तर दिलें: "ती उंची नऊ बंदरांच्या समुद्रापासून मोजली होती, आणि तो समुद्र आतां तेथें राहिलेला नाहीं." तिनें क्षणभर विचार केला व विचारलें, "मग पाटी कोण बदलणार?" या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं, तें तिच्या पिढीनें द्यावयाचें आहे.